आबांनी कडीला हात घातला आणि

७ जानेवारी १९५८, मंगळवार

राजवाड्याकडून येताना भिंतीवर पोस्टर दिसलं. चष्मा पुसला. जवळ गेलो. परत लांब जाऊन पाहिलं. तेच नाव. ‘दुहेरी उंबरठा’. माझी लाडकी कादंबरी सिनेमात! एकोणीस तारखेला, रविवारी सकाळचा खेळ. मराठी सिनेमा आपल्याकडे रविवारी सकाळीच लागतो, तोही एकच दिवस. चुकला तो चुकला.

पोहेवाला ओरडला, "क्यों काका, दीवार को नमस्ते कर रहे हो?" हात जोडले गेले होते बहुतेक.

घरी येईपर्यंत धाप लागली. शालू नुकतीच दवाखान्यातल्या कामावरून आली होती. म्हणाली, "आधी पाणी प्या, नाना. मग सांगा." प्यायलो, सांगितलं. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

काळजी: तिकिटं. सकाळची थंडी. ऐन वेळी खोकला आला तर बाहेर जावं लागेल, आणि नेमका तेव्हाच शेवट...

९ जाने., गुरु.

दु. उं. परत वाचायला काढली. बोट ठेवून, सावकाश. मी मराठी तिसरीचा. पुढचं वाचायला संस्थानच्या पागेत शिकलो, घोड्यांच्या नावांच्या पाट्या वाचून. ही कादंबरी तिथल्याच एका साहेबांच्या बाईंनी दिली. तेव्हा कादंबऱ्या महिन्याच्या महिन्याला सुट्या फर्म्यांत, सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत, यायच्या, वर्षाअखेर लोक बांधून घ्यायचे. सुटी पानं पाहून माझा जीव घाबरा. एखादं उडालं म्हणजे? एकही पान न वाचता आधी बांधायला टाकली, मग वाचली. किती वेळा वाचली ते आठवत नाही.

गोदूला सासरी पोटमाळ्यावर कोंडतात. पहाटे निसटून ती माहेरच्या दारात येते. बाहेर गोदू, आत तिचे वडील, आबा. ‘आबांनी कंदील खाली ठेवला, कडीला हात घातला आणि’. बस. इथं संपते. पूर्णविरामसुद्धा नाही. काय हिंमत लिहिणाऱ्याची! पुढे सांगायचं काय? बाप दार उघडणारच.

आठ वर्षांपूर्वी शालू उज्जैनहून अशीच पहाटे आली. हातात ट्रंक, पायात चप्पल नाही. जावयाने तिला आदली रात्रभर थंडीत अंगणात उभं केलं होतं. कारण काय तर भाजी खारट. ही, शालूची आई, तेव्हा होती. कडीपुढे उभी राहून म्हणाली, "आत घेतली की कायमची झाली. विचार करा." मी आबांना आठवलं आणि कडी काढली. हे कोणाला बोललो नाही. लोक हसतील.

सिनेमात आबांचं काम कोण करतंय? उंच हवा. मिशा हव्यात. आवाज खालचा.

१२ जाने., रवि.

दादासाहेब आले. शालूचे थोरले दीर. येणार हे कळवलेलं नव्हतं. पेढे घेऊन. 

"नाना, आता धाकटा बिलकुल सुधरला आहे. दुकानात बसतो. आई गेल्यापासून घर सुनं झालं. शालूवहिनींना पाठवा. आठ बरस झाले, लोकांना आम्ही काय सांगावं?"

शालूने चहा ठेवला. पेढ्यांकडे पाहिलं नाही. आत गेली.

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. पागेतली सवय, साहेबासमोर मान हलवायची. आणि माधवचं, शालूच्या धाकट्या भावाचं, कालचं पत्र डोक्यात. राजधानीबरोबर त्याचं ऑफिसही भोपाळला गेलं, तिथून लिहितो, ‘नाना, तुमच्यामागे शालूताईचं कोण?’ रागावून लिहिलेलं नाही. म्हणूनच झोंबलं.

मग सुचलं. म्हटलं, "दादासाहेब, येत्या रविवारी इथं एक सिनेमा आहे. आमच्यासोबत बघा. माझं सगळं उत्तर त्यात आहे."

"सिनेमात?"

"सिनेमात."

त्यांनी स्वतःच एक पेढा उचलला. मग म्हणाले, "वा! येतो की."

आपल्यालाही कधीकधी सुचतं. मला तोंड उघडायलाच नको, आबाच सांगतील.

१४ जाने., मंगळ. संक्रांत

ब.राव तिळगूळ घेऊन आला. पागेपासूनचा सोबती, आता मागल्या गल्लीत. त्याच्याकडे एकच पुस्तक, ‘गृहवैद्य’. तेही तसंच महिन्याच्या महिन्याला आलेलं. माझ्या कादंबरीबरोबर एकाच बोहऱ्याकडे बांधायला टाकलं होतं. सर्दीपासून सर्पदंशापर्यंत सगळं त्यात पाहतो.

सिनेमाला चल म्हटलं तर म्हणे, "गुडघा. आणि खोटं बघायला इतकं लांब कोण जाणार? तू खोटं वाचतोस, मी खरं वाचतो. तब्येत बघ कोणाची बरी आहे."

दोघांचीही बरी नाही.

१८ जाने., शनि.

तिकिटं मिळाली. तीन. उशीखाली ठेवली, मग उशीखालून काढून देवाजवळ ठेवली. देवाजवळ उंदीर आहे. परत उशीखाली.

शालूला म्हटलं, "उद्या दादासाहेब कसे बघत राहतील बघ." ती म्हणाली, "कशाला बोलावलंत त्यांना?" म्हटलं, "कळेल." गंमत म्हणून जास्त सांगितलं नाही.

१९ जाने., रवि.

लिहायचं मन नाही. तरी लिहून ठेवतो.

सुरुवातीपासूनच चुकत गेलं. गोदू कशी हवी? काटकुळी, हाताला चुन्याचे डाग. ही गुबगुबीत. पोटमाळ्यावर कोंडलेली आणि केसात ताजा गजरा! तिथं गाणंही म्हणाली. पुस्तकात तिथं उंदरांशिवाय कोणी बोलत नाही. सासर म्हणजे बंगला, जिन्याला वेलबुट्टी. आबा उंच नाहीत. मिशा आहेत पण चिकटवलेल्या, एका बाजूने सुटत होत्या. मी मनात म्हटलं, जाऊ दे. शेवटाकडे लक्ष ठेव. शेवट कोणाला बिघडवता येणार नाही.

शेवट आला. दार. कंदील. मी शालूच्या हातावर हात ठेवला. दादासाहेब डावीकडे.

आबांनी दार उघडलं. उघडून दारातच उभे राहिले. गोदूला तांब्याभर पाणी दिलं, उंबऱ्याच्या बाहेरच. आणि म्हणाले, दिलेली मुलगी माझी नाही, चल, तुझ्या घरी पोचवतो. कंदील उचलला, पुढे झाले, मागे गोदू. परत तिथंच. त्याच सासरी. नवऱ्याने डोळे पुसले, गोदू पाया पडली, सनई वाजली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! टाळ्या!

मी उभा राहिलो. काय ओरडलो ते शालूने नंतर सांगितलं. "खोटं आहे! आबा असं करत नाहीत!" मागून लोक, "ओ आजोबा, बसा ना, दिखता नहीं!" "काका, घर जाके लड़ना!" शालूने कोट धरून खाली ओढलं.

बाहेर आल्यावर त्याहून वाईट. दादासाहेबांचे डोळे ओले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "नाना, मला कळलं तुम्ही का बोलावलंत. तोंडाने बोलायला जड जातं बापाला. दोन फेब्रुवारीला रविवार आहे. सकाळच्या गाडीने येतो, टांगा घेऊनच घरी येईन. वहिनींना तयार राहायला सांगा."

 नाही म्हणायला तोंड उघडलं. मान हलली का? हलली असेल. नेहमी हलते.

शालू घरापर्यंत चार पावलं पुढे चालली.

२० जाने., सोम.

जेवण नाही. सिनेमावाल्यांना काय अधिकार? एखाद्याच्या आबांना असं करायला लावायचं! पैसे घ्या, गाणी घाला, गजरा घाला, पण माणूस बदलून टाकायचा?

शालू बोलत नाही. भाजी वाढते, जाते.

२१ जाने., मंगळ.

शालू बोलली. न बोलती तर बरं, असं वाटलं.

"नाना, मला सरळ सांगायचं होतं. मी जड झाले तर झाले. सिनेमा कशाला दाखवलात? तेही त्यांना बाजूला बसवून."

 तिला असं वाटलं! आपल्याच पोरीला! छातीत कळ आली, खरी की मनाची ते कळलं नाही. म्हटलं, "अगं, मला माहीतच नव्हतं. पुस्तकात हे नाही. सिनेमावाल्यांनी चिकटवलं." धावत जाऊन दु. उं. आणली, शेवटचं पान उघडून तिच्यासमोर धरलं. "हे बघ. ‘कडीला हात घातला आणि’. संपलं. तूच तर ऐकलंयस, तू आल्यावर मीच वाचून दाखवली तुला."

तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पण पुस्तक असं कसं संपेल, नाना? मला वाटायचं पुढचं वाईट आहे, म्हणून तुम्ही तिथं थांबता. मुद्दाम. माझ्यासाठी."

आठ वर्षं तिला असं वाटत होतं. विचारलं कधीच नाही. मला वाईट वाटू नये म्हणून.

मी पान परत पाहिलं. पूर्णविराम नाही. ‘समाप्त’ नाही. पागेतल्या साध्या पाटीवरही खाली रेघ असायची.

नाही. तसं नसेल.

२४ जाने., शुक्र.

ब.रावकडे गेलो. मन मोकळं करायला म्हणून गेलो होतो. सिनेमा सांगितला, तावातावाने. कंदील, पाणी, सनई. तो गुडघ्याला तेल चोळत होता. चोळता चोळता थांबला.

"तांब्याभर पाणी, उंबऱ्याबाहेर?"

"हो."

"मग तो म्हातारा कंदील घेऊन पुढे चालतो, पोरगी मागे. वाटेत कुत्रं भुंकतं."

"कुत्रं सिनेमात नव्हतं. तुला कसं... तू तर आला नव्हतास."

"अरे, मी वाचलंय हे. गृहवैद्यात आहे."

मला वाटलं याचं डोकं फिरलं. त्याने कपाटातून पुस्तक काढलं. उन्मादाचं प्रकरण. मधोमध एक पूर्ण फर्मा, कागद पिवळा, अक्षर वेगळं. सुरुवातीची ओळ, ‘दार उघडले. गोदूने एक पाऊल पुढे टाकताच आबांनी हात आडवा केला.’ शेवटी ‘समाप्त’. खाली रेघ.

"वेड्या, इतकी वर्षं तुला प्रश्न पडला नाही, वैद्यकाच्या पुस्तकात गोदू कोण?"

"मला वाटलं रोग्याचं उदाहरण दिलंय. उन्मादात बाई घर सोडून जाते, असं वर लिहिलं आहे ना. मग ही गेली. मग बापाने परत पोचवली. बरी झाली. मी म्हटलं, उपाय जरा कडक आहे."

बोहऱ्याला मराठी कुठं वाचता येत होतं? दोन ढीग शेजारी असतील, एक फर्मा इकडचा तिकडे गेला. त्याची काय चूक?

ब.राव हसत होता. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. "नाना, अरे बस. पाणी देऊ?"

पाणी नको म्हटलं.

२५ जाने., शनि.

सिनेमावाल्यांनी काहीच बदललं नव्हतं. गजरा तेवढा त्यांचा.

आबांनी हात आडवा केला. माझ्या आबांनी. ज्यांना आठवून मी...

मग मी कोणाचं ऐकून दार उघडलं?

२६ जाने., रवि.

बाहेर झेंडावंदन, पोरांचे बिगुल. ब.रावने फर्मा शिवणीतून सोडवून आणून दिला. "तुझा माल तुला. माझा उन्माद आता पातळ झाला." मी घेतला. वाचला नाही. पहिली ओळ वाचली तेवढी पुष्कळ झाली. तांदळाच्या डब्याखाली ठेवला. मग वाटलं, किडे लागतील. मग वाटलं, लागू देत.

शालूला सांगावं की नाही? सांगितलं तर म्हणेल, पुस्तकातही बाप असाच. नाही सांगितलं तर समजेल, मीच तिला घालवायला पाहतोय. दोन्हीकडून मेलो.

२८ जाने., मंगळ.

सांगितलं. सगळं. बोहरी, उन्माद, तांदळाचा डबा. कडी काढताना आबांना आठवलं होतं, तेही.

उन्माद ऐकताना तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, कळलं नाही. मग डबा उचलून फर्मा काढला आणि तिथंच स्वयंपाकघरात पाटावर बसून वाचला. भराभर. तिला बोट ठेवावं लागत नाही. मी दाराशी उभा. शेगडीवर डाळ उतू गेली, तिने पाहिलं नाही, मीच उतरवली. बोट भाजलं.

संपल्यावर कागद नीट जुळवले. म्हणाली, "नाना, हे तेव्हा वाचलेलं असतं, तर दार उघडलं असतं का तुम्ही?"

हो म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. पण त्या पहाटे कडीपुढे तिची आई पाहत होती तशीच ती पाहत होती. खोटं निघेना.

म्हटलं, "माहीत नाही गं."

ती मग उठली, माझं बोट पाण्यात धरलं. म्हणाली, "तुम्ही कडी काढलीत तेव्हा हातात पुस्तक नव्हतं. धोतराचा सोगा होता. आणि चहा दिलात त्यात साखर नव्हती."

याचा अर्थ काय घ्यायचा? बरा की वाईट? विचारायला धीर झाला नाही.

३० जाने., गुरु.

उज्जैनला कार्ड टाकायला निघालो होतो. ‘येऊ नये. गैरसमज झाला.’ एवढंच लिहिलं होतं. शालूने दारातच अडवलं. "नका टाकू. येऊ दे त्यांना. मी बोलेन."

"काय बोलशील?"

"अजून ठरलं नाही."

जा म्हणालो तर मी आबा झालो. राहा म्हणालो आणि उद्या डोळे मिटले, तर ही या घरात एकटी, माधव भोपाळला. तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण त्याही एकट्याच की. रात्री-अपरात्री कोणी कोणाला हाक मारायची...

ब.राव म्हणतो, तू काहीच म्हणू नकोस, ती शहाणी आहे. तो गृहवैद्यातून काय काय शिकला देव जाणे.

१ फेब्रु., शनि.

शालूने माळ्यावरून ट्रंक काढली. तीच. आठ वर्षांत पहिल्यांदा. उघडून अंगणात ठेवली. आतले कपडे दोरीवर.

"हे कशाला?"

"ऊन दाखवते, नाना. वास येतोय."

वास येत होता, खरंच. दोनदा जाऊन पाहिलं. संध्याकाळी कपडे घडी करून परत ट्रंकेत गेले. ट्रंक माळ्यावर मात्र गेली नाही. भिंतीशी आहे. तिच्याकडून चढवली गेली नसेल. जड आहे. मला हाक मारायची होती ना मग.

एक वाक्य तयार केलं आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘दादासाहेब, मी सिनेमा न पाहता तुम्हाला बोलावलं, पण दार मी पाहून उघडलं होतं.’ दुसरा अर्धा भाग म्हणताना आवाज फुटतो. पहिलाच अर्धा म्हणेन म्हणतो, पण त्याला काय अर्थ?

२ फेब्रुवारी, रवि.

उजाडल्यापासून उठून बसलोय. शालूची अंघोळ झाली. हिरवं लुगडं नेसली आहे. दवाखान्यात जाताना हेच नेसते, आणि कुठं जायचं असलं तरी हेच. त्यावरून काही कळत नाही. आज रविवार, दवाखाना बंद.

चहा तिने दिला. साखर होती. जास्तच.

दु. उं. समोर आहे. फर्मा तिने तिच्यात घातला नाही. विचारलं, "बांधून आणू का नवीन?" म्हणाली, "राहू दे. तुमचं पुस्तक तुमच्यासारखं असू दे." फर्मा कुठं ठेवला ते सांगितलं नाही. डब्याखाली पाहिलं. नाही. ट्रंकेत असेल का? ट्रंक उघडून पाहणं बरं दिसणार नाही.

कोट घालून बसलोय. वाक्य परत म्हणून पाहिलं. या वेळी पूर्ण आलं, मध्ये थोडं अडखळलो.

टांगा. आपल्याच गल्लीत वळला. घोडा डाव्या पायाने लंगडतोय, नाल सैल आहे. थांबला.

कडी वाजली. मी उठत होतो. शालूने खांद्यावर हात ठेवून बसवलं. "तुम्ही बसा, नाना. या वेळी मी उघडते." पदर खोचला, ट्रंकेकडे एकदा पाहिलं, कडीपाशी गेली आणि